पुलाला नाव, खोलीला कुलूप

सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. ५ तारखेला तिथल्या सिटी कौन्सिलने 'कलम ११४'ची नोटीस काढली. तिजोरीत खडखडाट आहे, कायद्याने करावाच लागतो तेवढा सोडून बाकीचा नवा खर्च बंद, अशी ती जाहीर कबुली. आणि तोच महिना संपायच्या आत शहरातल्या हिप्पोड्रोम थिएटरात बर्मिंगहॅम रॉयल बॅले या संस्थेने 'ब्लॅक सॅबथ : द बॅले' रंगमंचावर आणलं. कल्पना संस्थेचा संचालक, क्यूबाचा नर्तक कार्लोस अकोस्टा याची. ब्लॅक सॅबथ हा याच शहरातला चौघांचा हेवी मेटल बँड. ज्या बँडचं नाव काढलं की अभिरुचीवाली मंडळी नाक मुरडत, त्याच्या रिफवर, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या धूनवर, नर्तक पायाच्या बोटांवर उभे राहिले. काळे टी-शर्ट घातलेले साठीचे पुरुष आयुष्यात पहिल्यांदा बॅले बघायला आले.

पुढच्या वर्षी कौन्सिलने बजेट मांडलं. शहरातल्या कलासंस्थांचं अनुदान २०२४-२५ला निम्मं आणि २०२५-२६ला शून्य. त्यात बॅलेची संस्था आली, सिंफनी ऑर्केस्ट्रा आला, आयकॉन गॅलरी आली. मग जून २०२५ मध्ये याच कौन्सिलने ब्लॅक सॅबथच्या चौघांना 'फ्रीडम ऑफ द सिटी' हा शहराचा मोठा नागरी सन्मान दिला. ५ जुलैला, ते वाढले त्या अ‍ॅस्टन भागातल्या व्हिला पार्क स्टेडियमवर चौघांचा अखेरचा कार्यक्रम झाला. २२ जुलैला त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरच्या ज्या पुलापाशी थांबली त्या पुलाचं नाव २०१९ पासून 'ब्लॅक सॅबथ ब्रिज' असंच आहे. पुलावर चौघांचे चेहरे कोरलेला बाकही आहे. त्या दिवसांत शहरातले कचरा कामगार संपावर होते आणि गल्ल्यांमध्ये काळ्या पिशव्यांचे ढीग पडले होते, हेही सांगून टाकतो.

त्या पुलापासून स्टेशन स्ट्रीट काही फार लांब नाही. तिथे 'द क्राउन' नावाचा पब आहे. १९६८ मध्ये जिम सिम्पसन नावाच्या ट्रंपेटवादकाने त्याच्या वरच्या मजल्यावर 'हेन्रीज ब्लूजहाउस' सुरू केलं. 'अर्थ' नावाचा एक ब्लूज बँड तिथे वाजवायला लागला आणि सिम्पसन त्यांचा मॅनेजर झाला. अर्थ म्हणजेच पुढचे ब्लॅक सॅबथ. तो पब गेली कित्येक वर्षं बंद आहे.

कौन्सिलला झोडपणं सोपं आहे, पण नुसतं तेवढंच करायचं नाही. समान वेतनाच्या दाव्यांचं प्रचंड देणं, फसलेली संगणक प्रणाली, वर्षानुवर्षं आटत गेलेला केंद्राचा निधी, अशी त्या दिवाळखोरीची कारणं आहेत आणि त्यात गिटार वाजवणाऱ्यांचा काही संबंध नाही. मला वेगळं म्हणायचं आहे. आपल्या संगीताचा अभिमान मिरवणारी शहरं यशस्वी झालेल्या कलाकाराचा गौरव करतात आणि कलाकार जिथे कच्चा असताना चुकत-माकत वाजवतो ती जागा हातची जाऊ देतात. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक धोरण या दोन्हींचा रोख उलटा हवा. कलाकार निवडून त्याला पोसू नका; खोल्या राखा, आणि त्या खोल्यांत कोण काय वाजवतो याकडे काणाडोळा करा. हे मत मी ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमवरून बनवलं आहे, म्हणून आधी त्या अल्बमबद्दल.

'ब्लॅक सॅबथ' हा अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आला. ध्वनिमुद्रण झालं होतं १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत, एका दिवसात, चार ट्रॅकच्या टेपवर, काही शे पौंडांत. निर्माता रॉजर बेन, ध्वनी अभियंता टॉम अ‍ॅलम. चौघे स्टुडिओत गेले, रोज क्लबात वाजवत होते तेच वाजवलं आणि सामान गुंडाळून पुढच्या कार्यक्रमाच्या वाटेला लागले. पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा मागाहून बसवली. पहिलं गाणं मुद्रित झाल्यावर गिटारवादक टोनी आयोमीची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार बिघडली, म्हणून त्याने राखीव ठेवलेली गिब्सन एसजी उचलली आणि उरलेला अल्बम तिच्यावर वाजवला. पुढे जन्मभर त्याच्या गळ्यात एसजीच दिसली. एका बिघडलेल्या पिकअपने, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या गिटारच्या भागाने, हेवी मेटलचं वाद्य ठरवलं.

अल्बमच्या नावाचंच गाणं पहिलं आहे. त्याच्या रिफमध्ये तीन स्वर आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि मग मधे उतरून तीव्र मध्यम. पाश्चात्त्य संगीतात या अंतराला सैतानाचा स्वर म्हणतात आणि मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी कथा प्रत्येक माहितीपटात ऐकवली जाते. बंदीचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. आपल्याकडे तर हेच अंतर रोज संध्याकाळी घराघरांत ऐकू येतं. यमन शिकणारी दहा वर्षांची मुलगीही तीव्र मध्यम लावते आणि कुणाला धडकी भरत नाही. मग हे गाणं अंगावर का येतं? तीव्र मध्यम यमनात पंचमाकडे झुकतो. मारव्यात पंचम नाहीच, पण तिथे त्याला धैवत आहे. आयोमीच्या रिफमध्ये तो कुठेच जात नाही. तिथेच थरथरत राहतो आणि पुन्हा खालच्या षड्जावर आपटतो. वर लय इतकी संथ, की पुढचा स्वर येईपर्यंत ऐकणारा वाट बघून अस्वस्थ होतो. भीती त्या वाट बघण्यात आहे, सैतान वगैरे नंतर चिकटवलेला. बेस वाजवणारा गीझर बटलर त्या दिवसांत गुस्ताव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधल्या मंगळाच्या भागाची धून घोळवत होता आणि त्यातून आयोमीला ही रिफ सुचली, असं दोघांनी सांगितलं आहे.

आता या अल्बमच्या जन्माची सर्वमान्य कथा. बर्मिंगहॅम म्हणजे लोखंड-पोलादाचं शहर; कारखान्यांचे घण ऐकत ही मुलं वाढली; आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी उजव्या हाताची मधली दोन बोटं यंत्रात सापडली आणि टोकं तुटली; म्हणून तारा सैल केल्या; म्हणून आवाज जड झाला; म्हणून हेवी मेटल. ऐकायला झकास आहे. बोटांची गोष्ट खरीच आहे. आयोमी डावखुरा, त्यामुळे उजवा हात तारा दाबायचा. डॉक्टरांनी गिटार विसर असं सांगितलं. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्यामुळे जँगोचीही दोन बोटं निकामी होती. मग आयोमीने भांडी घासायच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या केल्या, घासून-घासून बोटांच्या मापाच्या केल्या आणि वर चामडं चिकटवलं. बाजारात हलक्या तारा मिळत नव्हत्या म्हणून बँजोच्या तारा गिटारला लावल्या. कारखान्यात हात घातलेला माणूसच हे करू जाणे.

पण कथेतला पुढचा दुवा निसटतो. तारा सैल करून खालच्या पट्टीत वाजवणं हे १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर आलं. पहिला अल्बम नेहमीच्याच पट्टीत आहे. तो जड वाटतो याची कारणं दुसरी आहेत. बटलर मूळचा गिटारवाला, बेसवर नवा. तो गिटारच्या ओळीच्या खाली वेगळी ओळ न वाजवता पुष्कळदा तीच ओळ वाजवतो, त्यामुळे एकच रिफ दोन सप्तकांतून अंगावर येते. ड्रमर बिल वॉर्डचा हात जाझवर बसलेला. तो ठोकत नाही, डोलतो, आणि त्या डोलण्यामुळे संथ लयही रेंगाळत नाही. हा एकमेकांच्या श्वासाचा अंदाज असलेल्या चौघांचा आवाज आहे. असा आवाज एका दिवसात मुद्रित करता येतो, एका दिवसात कमावता येत नाही. तो जर्मनीत हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबात कमावला गेला, जिथे एका दिवसात पाऊण-पाऊण तासाच्या पाच-सहा बैठका वाजवाव्या लागत आणि श्रोते कित्येकदा नावालाच. गाणी संपली की एकच रिफ लांबवत न्यायची, त्यातून नवी रिफ निघायची. अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर दहा मिनिटांहून लांबलेलं 'वॉर्निंग' ऐका, म्हणजे ती लांबवण्याची सवय कळेल. खरं सांगायचं तर त्यातली काही मिनिटं कंटाळवाणी आहेत.

आणि घणांचा आवाज? हे स्पष्टीकरण मला कधीच पटलं नाही. कारखान्यांचा गोंगाट एसेनला होता, पिट्सबर्गला होता. शेफील्ड तर इंग्लंडची पोलादनगरीच. तिथून सत्तरच्या दशकात कॅबरे व्होल्टेअर आणि ह्यूमन लीग हे सिंथेसायझरवाले बँड निघाले आणि समीक्षकांनी लगेच लिहिलं की हा भट्ट्यांच्या ठोक्यांचा परिणाम. त्याच शेफील्डमधून डेफ लेपर्ड हे गिटारवाले रॉकर्सही निघाले. तेव्हा एकाच गोंगाटातून वाट्टेल ते संगीत निघू शकतं. कारखान्यांनी या मुलांना विषय दिला, राग दिला, तिथून सुटायची निकड दिली हे मान्य. 'विकेड वर्ल्ड' हे गाणं भूताखेतांचं नाहीच. युद्ध, गरिबी आणि निर्ढावलेल्या पुढाऱ्यांचं आहे. पण निकड तर जगभरच्या कामगार वस्त्यांत असते. अ‍ॅस्टनमध्ये त्या निकडीला जागा मिळाली.

कसली जागा? ऑझी लॉज रोडवर एका छोट्या घरात सहा भावंडांत वाढला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. कत्तलखान्यात काम केलं, मोटारीचे हॉर्न तपासायचं काम केलं, घरफोडी केली, दंड भरायला पैसे नव्हते म्हणून विन्सन ग्रीनच्या तुरुंगात काही आठवडे काढले. बाहेर आल्यावर त्याने वाद्यांच्या दुकानात एक कार्ड लावलं. मजकूर साधारण असा, की ऑझी झिगला बँड हवा आहे, स्वतःची पीए सिस्टीम (माइक-स्पीकरचा संच) आहे. ती पीए त्याच्या कारखान्यात राबणाऱ्या वडिलांनी कर्ज काढून घेऊन दिलेली. त्याच्या गळ्यापेक्षा त्या पीएमुळे त्याला बँड मिळाला, असं म्हणायला हरकत नाही. कार्ड लावायला दुकान होतं हे महत्त्वाचं. आयोमीचा अ‍ॅम्प्लिफायर लेनी कंपनीचा. लिंडन लेनीने १९६७ मध्ये बर्मिंगहॅम परिसरातच सुरू केलेला धंदा. मोठ्या कंपनीचे अ‍ॅम्प महाग, हा गावातला आणि परवडणारा.

सराव कुठे? न्यूटाउनच्या कम्युनिटी सेंटरमध्ये. समोर सिनेमा थिएटर होतं. भयपटाला लागलेली रांग बघून, लोक घाबरायला पैसे मोजतात तर आपणही घाबरवणारं संगीत करू, असं त्यांच्या मनात आलं आणि १९६९ मध्ये 'अर्थ'चं 'ब्लॅक सॅबथ' झालं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. किस्सा सांगताना लोक सिनेमाबद्दल बोलतात. मला रस्त्याच्या अलीकडची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. सकाळी चार पोरांना ड्रम बडवू देणारं एक सार्वजनिक सभागृह गरीब वस्तीत उभं होतं.

आणि पब. इंग्लंडमधल्या जुन्या पबांच्या वर किंवा मागे एक मोठी खोली असते. लग्नाच्या पार्ट्या, युनियनच्या बैठका, कबुतरवाल्यांचे क्लब सगळे तिथेच. साठच्या दशकात या खोल्या आठवड्यातून एक-दोन रात्री गाण्याबजावण्याला मिळायच्या. आठवड्याच्या मधल्या रात्री त्या रिकाम्याच पडायच्या, मालकाला बिअर खपल्याशी मतलब. बर्मिंगहॅमच्याच अर्डिंग्टन भागात फर्निचरच्या दुकानावर 'मदर्स' नावाचा क्लब होता. पिंक फ्लॉइड या बँडच्या 'उमागुमा' अल्बममधलं काही मैफली ध्वनिमुद्रण तिथलं आहे. सोफासेटच्या वर पिंक फ्लॉइड. या खोल्यांना कुणी सांस्कृतिक केंद्र म्हटलं नाही, त्यांचं उद्घाटन झालं नाही, आणि त्या गेल्या तेव्हाही कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथे हमखास येणारा आक्षेप असा, की या चौघांनी सरकारी छदामही न घेता हे उभं केलं, तेव्हा अनुदान-बिनुदान मागू नका. मी हा आक्षेप गांभीर्याने घेतो, कारण तो अर्धा खरा आहे. त्यांना कलेचं अनुदान मिळालं नाही. मागितलं असतं तरी मिळालं नसतं. पण कम्युनिटी सेंटर फुकट उगवत नाही. आयोमीची बोटं जिथे शिवली ते हॉस्पिटल सरकारी आरोग्यसेवेचं. त्या दशकात वेस्ट मिडलंड्समध्ये बेकारी नाममात्र होती, सकाळी नोकरी सोडली तर दुपारी दुसरी मिळे. म्हणूनच आयोमी जर्मनीच्या दौऱ्यासाठी कारखान्यातली नोकरी सोडायला निघाला होता. अल्बम काढणारं 'व्हर्टिगो' हे लेबल फिलिप्स या बड्या कंपनीचं. अनोळखी बँडवर थोडे पैसे लावून बघायची ऐपत तिच्याकडे होती. कलेसाठी म्हणून एक पैसाही खर्च न करणाऱ्या राज्याने कलेला लागणारी जमीन बाकीच्या खात्यांतून नांगरून ठेवली होती. ती जमीन आता राहिलेली नाही. घरभाडी आणि जागांचे दर आभाळाला भिडले आहेत. 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' या ब्रिटिश संस्थेच्या हिशेबाने एकट्या २०२३ मध्ये तिथली १२५ छोटी संगीतस्थळं बंद पडली किंवा तिथलं संगीत थांबलं. तेव्हाचं फुकट आता फुकट नाही, म्हणून ते मागावं लागतं.

दुसरा प्रश्न समितीचा. अनुदान म्हटलं की निवड आली, निवड म्हटली की जाणकार आले. जाणकारांनी या अल्बमचं काय केलं ते बघा. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्सने लिहिलं की हे क्रीम या बँडसारखंच आहे, फक्त त्याहून वाईट. बँग्स कुणी ऐरागैरा नव्हता. रॉकवर त्याच्याइतकं जिवंत इंग्रजी फार थोड्यांनी लिहिलं, आणि पुढे त्याचं ब्लॅक सॅबथबद्दलचं मतही बदललं. इतक्या तिखट कानाच्या माणसालाही पहिल्या झटक्यात ऐकू आलं नाही. रेकॉर्ड मात्र ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत चढली, अमेरिकेत तेविसाव्या. सप्टेंबर १९७० मध्ये आलेला दुसरा अल्बम 'पॅरानॉइड' ब्रिटनमध्ये पहिला आला. विकत घेणारी मुलं कारखान्यांतली, पॉलिटेक्निकमधली. त्यांना समीक्षा वाचायची गरज पडली नाही.

यावरून समीक्षकांना निकालात काढायचं आणि बाजार म्हणेल ते खरं मानायचं, असा निष्कर्ष काही जण काढतात. मी काढत नाही. बाजारानेही कमी नासाडी केली नाही. अल्बमच्या आतल्या पानावर उलटा क्रूस छापला तो लेबलने, बँडला न विचारता. त्यातून सैतानपूजेचं लफडं मागे लागलं ते पुढली पन्नास वर्षं. चौघांपैकी बटलर आयरिश कॅथलिक घरातला, आणि त्याच्या शब्दांत सैतान येतो तो बहुधा माणसाला कचाट्यात पकडणारा, भीतीचा विषय म्हणून. पूजेचा नाही. पण खपायला क्रूस बरा. तेव्हा समितीच्या कानावर विसंबता येत नाही आणि दुकानदाराच्या नजरेवरही नाही. म्हणूनच मी खोलीचा आग्रह धरतो. खोलीला अभिरुची नसते.

ब्रिटनमध्ये यावर एक व्यवहार्य तोडगा सध्या चर्चेत आहे. स्टेडियम आणि मोठ्या अरीनांच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड छोट्या जागांसाठी काढायचा. संसदेच्या संस्कृतीविषयक समितीने मे २०२४ मध्ये त्याची शिफारस केली. सरकारने नोव्हेंबरमध्ये पाठिंबा दिला, पण सक्ती न करता, उद्योगाने स्वखुशीने द्यावं म्हणून. स्वखुशीचा पैसा कसा येतो हे गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या कुणालाही विचारा. फ्रान्समध्ये तिकिटावर साडेतीन टक्के कर आहे, तो संगीताच्याच राष्ट्रीय केंद्राकडे जातो आणि त्याने फ्रेंच प्रेक्षक स्टेडियमकडे फिरकायचे थांबलेले नाहीत. व्हिला पार्कचा तो जुलैमधला कार्यक्रम धर्मादाय संस्थांसाठी होता, मुलांचं हॉस्पिटल, मुलांचं हॉस्पिस आणि पार्किन्सनवरचं संशोधन यांच्यासाठी. चांगलंच झालं. पण दर उन्हाळ्यात तिथे असे कार्यक्रम होतात जे धर्मादाय नसतात. शेकडो पौंडांच्या तिकिटात एक पौंड म्हणजे एका बिअरच्या किमतीचा तुकडा.

पैशापेक्षा अवघड गोष्ट आवाजाची, आणि इथे मला मुंबईकडे यावं लागतं. धोबी तलावाच्या रंगभवनात १९७८ पासून जाझ यात्रा भरली, १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव झाला. मुंबईतल्या हेवी मेटल वाजवणाऱ्या दोन पिढ्यांना मोठं व्यासपीठ मिळालं ते या उघड्या नाट्यगृहात. ब्लॅक सॅबथच्या रिफ वाजवून हात बसवलेली मुलं तिथे स्वतःची गाणी घेऊन उभी राहिली. शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. हॉस्पिटल. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल-शाळा-न्यायालयांभोवतीचं शंभर मीटरचं शांतता क्षेत्र आलं आणि रंगभवन गप्प झालं. मेटलवाल्यांनी याबद्दल बरंच हळहळून लिहिलं आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे, तरी सांगतो, नियम बरोबर होता. बाळंतीण आणि ऑपरेशन झालेला माणूस यांच्या उशाशी डबल बेस ड्रम वाजता कामा नये.

चूक पुढची आहे. जागा बंद केली, पर्याय दिला नाही. त्याच नियमांत राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री दहाऐवजी बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला सूट देता येते. ते दिवस कोणत्या उत्सवांना जातात ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्याविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. मीही विसर्जनाच्या ढोलापाठी नाचलो आहे. मात्र यातून एक गोष्ट उघडी पडते. गोंगाट आपल्याला चालतो की नाही हा प्रश्न नाहीच, कुणाचा चालतो एवढाच प्रश्न आहे. इंग्लंडने २०१८ पासून नियोजनाच्या धोरणात एक तत्त्व घातलं, की आधीपासून चालू असलेल्या संगीतस्थळाच्या शेजारी नवी इमारत बांधणाऱ्याने आवाज अडवायचा खर्च स्वतः करावा. रंगभवनाला हे तत्त्व वाचवू शकलं नसतं, हॉस्पिटलं आधीची होती. पण रंगभवनाच्या बदली बंदिस्त, ध्वनिरोधक, दोनशे माणसांची एक खोली त्याच खर्चात उभी राहिली असती, जेवढा आपण एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणावर करतो. महापालिकांची नाट्यगृहं आहेत की, असं कुणी म्हणेल. ती आठशे-हजार खुर्च्यांची, भाडं त्या मानाचं, तारखा नाटकवाल्यांनाच पुरत नाहीत, आणि अठरा वर्षांच्या पोरांच्या बँडला तिथला व्यवस्थापक चहासुद्धा विचारणार नाही.

आता मुलं लॅपटॉपवर संगीत करतात, त्यांना खोली कशाला, असंही ऐकतो. हिप-हॉप घरात होतं, आणि झकास होतं. डोंबिवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ड्रम किट लावून बघा. काही संगीत जागेशिवाय जन्मतच नाही. चार माणसांनी एकमेकांच्या आवाजाच्या आत उभं राहून करायचं ते संगीत, मग ते मेटल असो, भजनी मंडळ असो की ब्रास बँड.

तर खोली उभारली, समजा. ती चालवायची कशी? १९६८ मध्ये, 'अर्थ' व्हायच्या आधी, ब्लॅक सॅबथची हीच मंडळी 'पोल्का टल्क ब्लूज बँड' या नावाने वाजवत होती. सहा जण, त्यात एक सॅक्सोफोनवाला आणि एक स्लाइड गिटारवाला. नाव ऑझीला टाल्कम पावडरच्या डब्यावरून सुचलं म्हणतात. गायक तुरुंगात जाऊन आलेला, गिटारवाल्याची दोन बोटं प्लास्टिकची, बेसवाला बेसवर नवखा. कुठल्याही अर्जछाननी समितीने हा अर्ज दुसऱ्या मिनिटाला बाजूला ठेवला असता, आणि तिला दोषही देता आला नसता. म्हणून खोलीच्या नियमांत ऑडिशन नको, शिफारसपत्र नको, 'सांस्कृतिक मूल्य' असा रकाना असलेला फॉर्म तर नकोच. तारखा आधी येईल त्याला. भाडं एका कारखाना कामगाराच्या किंवा डिलिव्हरी करणाऱ्या पोराच्या दिवसाच्या कमाईहून कमी. डेसिबल मोजायचं यंत्र भिंतीबाहेर, आत नाही. आणि वाजवणाऱ्यांना रविवारी सकाळी किल्ली देणारा एक माणूस पगारावर.